वैशाखातला नाताळ

फोन टँकरवाल्या रशीदचा होता. सकाळचे नऊ वाजले असतील, मी बीडच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. "बाई, तात्या गेले," एवढं म्हणाला आणि गडी हुंदकेच द्यायला लागला. मग हळूहळू कळलं. टँकर आल्यावर तात्यानं, म्हणजे माझ्या दादानं, नेहमीसारख्या म्हाताऱ्यांच्या घागरी भरून घेतल्या आणि एकेकीच्या दारात नेऊन ठेवल्या. शेवटची गयाआक्कांची. त्यांच्याच ओट्यावर 'जरा टेकतो' म्हणून बसला तो बसलाच. आक्कांनी चहा आणून ठेवला, चहावर साय धरली तरी हा उचलेना, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं... मी ताट बाजूला सारलं आणि पहिला विचार काय आला सांगू? 'मेल्या, निदान चहा तरी प्यायचा होतास.' भावाबहिणीत असंच चालायचं आमचं. रडू मागाहून आलं, एसटीत.

याकोबदादा माझा थोरला भाऊ, गावाचा याकोबतात्या. सिरसाळ्यावरून आत गेलं की आमचं गाव. तिथं आमची ख्रिस्ती घरं अठरा-वीस, आणि पत्र्याचं एक देऊळ, म्हणजे आमचं चर्च. मी शिकले, मास्तरीण झाले, बीडला गेले. दादानं आयुष्यभर ऊस तोडला. आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याची चिमणी मी लहानपणी धूर सोडताना पाहिली आहे. पुढं पाणी आटलं, ऊस आटला, आणि ती नुसती उभी राहिली. मग आमची माणसं दसरा झाला की ट्रॅक्टरवर भांडी, शेळ्या, लेकरं चढवून खाली सांगली-कोल्हापूरकडं निघायची, तिकडच्या कारखान्यांना ऊस तोडायला. परत यायची ती चैत्र संपताना. अर्धं वर्ष देवळात उरायचे फक्त म्हातारेकोतारे.

नाताळाची सगळी गंमत इथूनच सुरू झाली. दादा आणि रूथवहिनी ऊसतोडीच्या टोळीत होते तेव्हाची गोष्ट. उसाच्या फडात वार कुठला आणि तारीख कुठली! तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, आडवं व्हायचं. एके दिवशी वहिनी मीठ आणायला दुकानात गेल्या आणि तिथल्या कॅलेंडरवर नजर पडली. काल नाताळ होऊन गेलेला! एकाच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. ना प्रार्थना, ना गीत, सगळ्यांनी दिवसभर ऊस तोडलेला. वहिनी मिठाची पुडी घेऊन रडत कोपीवर आल्या. पोटात सात महिन्यांचं पोर, त्यात हे. दादानं कोयता खाली ठेवला आणि म्हणाला, "रडू नगं. घरी गेल्यावर करू की. देव काय तारखंला बसून राहिलाय व्हय?" टोळी हसली. पण वैशाखात माणसं गावी परतली तेव्हा दादानं खरंच देवळावर कागदी चांदणी टांगली. तेव्हापासून आमच्या मंडळीचा, म्हणजे देवळातल्या सगळ्या माणसांचा, नाताळ वैशाखात.

काय तो थाट असायचा! डोक्यावर ऊन असं की पत्र्याला हात लावायची सोय नाही, आणि आत पोरं मेंढपाळ होऊन घोंगडी पांघरून उभी, घामानं निथळत. एखादी मुलगी ठसक्यात सांगायची, 'ती कडाक्याच्या थंडीची रात्र होती', की सगळं देऊळ फिदीफिदी हसायचं. करंज्या व्हायच्या, मटण व्हायचं. गयाआक्का गावातल्या मोठ्या घरच्या, पण खुर्ची घेऊन पुढं बसायच्या. बौद्धवाड्यातली पोरं हलगी घेऊन यायची. सहा महिने ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं ती माणसं गळ्यात पडून रडायची. कुणाचं लेकरू फडात जन्मलेलं असायचं, कुणाचं माणूस तिकडंच ठेवून यावं लागलेलं असायचं. हे सगळं दादा प्रार्थनेत एकेकाचं नाव घेऊन देवापुढं ठेवायचा. त्याची प्रार्थना कधी लांबायची नाही, फक्त त्या दिवशी लांबायची.

गुडघा गेला तसं दादाचं फडावर जाणं सुटलं. मग त्याचं दुसरंच काम सुरू झालं. टोळ्या निघाल्या की सगळे आपापल्या घराच्या किल्ल्या त्याच्याकडं देऊन जायचे, आणि किल्लीबरोबर घरातली म्हातारी माणसंसुद्धा. टँकरवर जी झुंबड उडते तिच्यात म्हातारीच्या घागरीला कोण विचारतो? दादा आडवा उभा राहायचा. आधी म्हाताऱ्या, मग बाकीचे. कुणाची जात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही. गयाआक्कांची मुलं पुण्याला, त्यांचीही घागर हाच वाहायचा. त्या म्हणायच्या, "याकोबा, तुज्या येशूला सांग की पाऊस पाड म्हणून." हा म्हणायचा, "रोज सांगतो आक्का. तुमीबी तुमच्या गणपतीला सांगा, दोगं मिळून कायतरी करतील." फडातलं ते पोर जगलं नव्हतं; वहिनीही गेल्यावर मी त्याला म्हटलं, चल बीडला, नळाला पाणी येतं तिथं, काय मिळतं तुला हे करून? तर म्हणाला, "आगं, मी देवाला शोदत हिंडायचो, फडात, देवळात, उपासतापास करून. आता घागर उचलली की वाटतं, हितंच हाय. मिळायचं आजून काय ऱ्हायलं?" खरं सांगते, तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं वेड वाटलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला जीव धजत नाही. पण नाही सांगितलं तर हा लेख खोटा होईल. तीन वर्षांपूर्वी नवे पाळकसाहेब आले. तरुण, अभ्यासू माणूस. ते महिन्यातून एकदा तालुक्याहून उपासनेला यायचे. वैशाखातला नाताळ पाहून ते हादरलेच. जगभर एक दिवस पाळला जातो आणि इथं हे काय? आणि मला... मला बरं वाटलं. तेव्हा मी अजून नोकरीत होते, शाळेत बायका हसायच्या, "तुमच्याकडं मे महिन्यात नाताळ असतो म्हणे!" मला शरम वाटायची हो. पाळकसाहेबांनी वरिष्ठांकडं अर्ज करायचं ठरवलं. माझं अक्षर चांगलं, भाषा चांगली. तो अर्ज मी लिहिला. वरून हुकूम आला की नाताळ पंचवीस डिसेंबरलाच होईल, दुसरा कुठलाही दिवस पाळू नये. टोळ्या निघायच्या आत देवळात उभं राहून तो वाचूनही मीच दाखवला. माणसं खाली माना घालून ऐकत होती. दादा उठला आणि म्हणाला, "हुकूम हाय, मानायचा." बाहेर जाऊन त्यानं चांदणी उतरवली, घडी घातली. माझ्याशी भांडला असता तर परवडलं असतं.

त्यानंतरचे दोन्ही वैशाख कोरडे गेले. माणसं आली, दारं उघडली, कामाला लागली. आणि डिसेंबरात मी मुद्दाम गावी जायची, देवळात अकरा म्हातारे आणि मी. पाळकसाहेबांचा उपदेश चांगला व्हायचा, त्यात खोट नाही. पण गीत धरायला गळाच नाही. परवाच्या नाताळला उपासना झाल्यावर दादा पायरीवर माझ्याजवळ बसला. गुडघा चोळत म्हणाला, "तारीख बरोबर हाय गं तुजी. मान्सं न्हाईत, एवढंच." मी म्हटलं, "दादा, मी चुकले का रे?" तर म्हणतो कसा, "च्या कर जरा, थंडी लई हाय." तीच आमची शेवटची भेट. तीन आठवड्यांनी रशीदचा फोन आला.

दादाच्या मातीला त्याची मंडळी नव्हती, देवळातले म्हातारे तेवढे काठ्या टेकत आले होते. ज्यांच्या किल्ल्या त्यानं इतकी वर्षं सांभाळल्या त्यातलं एकही माणूस नव्हतं. फडावरून यायचं म्हणजे मुकादमानं सोडलं पाहिजे, गाडी मिळाली पाहिजे. खड्डा बौद्धवाड्यातल्या पोरांनी खणला. जमीन इतकी वाळलेली की कुदळ उडत होती, रशीद पहारीनं ढेकळं फोडत होता. पेटीला खांदाही त्यांनीच दिला. वहिनींच्या भाचीनं, सुमननं, फडातून फोन लावला आणि म्हणाली, "आत्या, फोन जरा खाली धरा, आमाला ऐकू द्या." मी फोन मातीजवळ धरला. पलीकडं ट्रॅक्टर धडधडत होता आणि त्या आवाजातून आमची माणसं गीत म्हणत होती, कुणी पुढं, कुणी मागं. इकडं म्हाताऱ्यांत गीत धरणारी मी एकटीच.

दोन दिवसांसाठी म्हणून आले होते, आता फाल्गुन लागला. उद्या निघू म्हणते, तर सकाळी दारात घागरी मांडलेल्या असतात. पाठ भरून येते, हात सुजतात. दादाला घागरीत देव भेटायचा, मला अजून तरी नुसतं पाणीच दिसतं, खोटं कशाला बोलू? थकले मी. पण भरते.

परवा सुमनच्या नवऱ्याचा, दानियलचा, फोन आला. आधी नुसतंच इकडचं तिकडचं बोलला, मग अडखळत म्हणाला, "आत्या, हंगाम सपत आलाय, कारकाना बंद व्हायला आलाय. आमी समदे म्हनत व्हतो... तात्याची मातीबी घावली न्हाई आमाला. ह्या साली गावी आल्यावर नाताळ धरावा का? पर तुमचा हुकूम हाय न्हवं." तुमचा हुकूम! माझ्या तोंडून ऐकलेला, तेव्हा माझाच. म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, अर्ज तुमच्याच हातचा आहे." म्हटलं, "हो, आणि आता दुसराही माझ्याच हातचा येईल. तुम्ही सही करा अथवा करू नका, पण या. दादाच्या मंडळीला तेव्हा पाळक लागेल." ते म्हणाले, "बघतो." एवढंच. बघू देत.

मग दानियलला फोन लावला. म्हटलं, "धरायचा. तुम्ही या." तिकडं त्यानं ओरडून सगळ्यांना सांगितलं, गलका उठला, कुणी तरी मोठ्यानं रडलंसुद्धा. परत फोनवर येऊन विचारतो, "तारीख कुठली सांगू आत्या?"

"तारीख नको. शेवटचा ट्रॅक्टर गावात आला की दुसऱ्या दिवशी."

"आन् कुनाचा मागं ऱ्हायला तर?"

"तर थांबू," मी म्हणाले.