सातव्या खाचेतला बोर्ड

नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात दुधाचं फॅट मोजणाऱ्या मशिनसाठी ब्लूटूथचे बोर्ड बनतात. गावोगावच्या संकलन केंद्रांवर मशिनमधला आकडा मोबाईलवर जातो तो या बोर्डामुळे. प्रत्येक बोर्ड मोबाईलला नीट जोडला जातो की नाही, हे अकरा वर्षं एकच बाई तपासत होत्या. आम्ही त्यांना भाभी म्हणायचो. नवऱ्याची नजर गेल्यापासून त्याचं शिलाईचं दुकान बंद होतं आणि घर भाभींच्या नोकरीवर चालायचं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं, अशी सबब मला सांगता येणार नाही.

मी तिथे इंजिनिअर. हे काम यंत्र करेल, असं मीच मालकांच्या डोक्यात भरवलं. दहा खाचांचा ट्रे, त्यात दहा बोर्ड, माझा प्रोग्रॅम एकेकाला हाक मारणार, जोडून-तोडून बघणार, पास झाला की त्या खाचेचा हिरवा दिवा लागणार. मालक म्हणाले, "माझ्यासमोर चालवून दाखव. चाललं तर हाताची तपासणी बंद." म्हणजे भाभी बंद. हे ते भाभींच्या समोरच बोलले, आणि वर मला काम शिकवायला त्यांनाच बसवलं.

शिकवलं त्यांनी, अगदी मन लावून. त्यांची पद्धत बघून मला हसू आवरेना. सेल बसवला की बोर्ड बोलायला लागतो, म्हणून त्या एक बोर्ड टेबलावर ठेवून बाकीचे पिठाच्या एका स्टीलच्या डब्यात घालायच्या आणि झाकण गच्च लावायच्या. "एका वेळी एकच घ्या, सर. न्हाईतर शेजारचाच ओ देतो."

मी सोल्डरिंगच्या सगळ्या बायकांसमोर म्हणालो, "भाभी, डब्यात थोडं पीठही असू द्या. संध्याकाळच्या भाकरी उरकतील." सगळ्या हसल्या. भाभीही हसल्या. न हसून जातील कुठे?

दाखवायच्या दिवशी मालक यायच्या आधी एकदा ट्रे चालवून पाहिला. दहाच्या दहा हिरवे. मी कॉलर ताठ करतोय तोवर भाभींनी वाकून सातव्या खाचेतला बोर्ड उचलला आणि उलटा केला.

"सर, ह्याच्यात सेलच न्हाई. मग हिरवा कसा?"

मला तत्क्षणी कळलं. विकायच्या आधी सगळ्या बोर्डांचं नाव एकच असतं, आणि माझा प्रोग्रॅम नावानेच हाक मारत होता. मुक्या बोर्डाच्या जागी शेजारचा ओ देत होता. आणि भाभींचा असा राग आला की बस्स. त्या चुकल्या असत्या तर मी त्यांना सहज माफ केलं असतं.

तेवढ्यात मालक आत आले. बोर्ड अजून भाभींच्या हातात होता.

"सर, टेस्ट झाल्यावर भाभींनी सातवा बोर्ड काढलाय," मी म्हणालो. "आता त्यात सेल नाही." यातला शब्दन् शब्द खरा होता.

"भाभी, सेल तुम्ही काढलात?"

"न्हाई. आदीपासूनच नव्हता. मी सरांच्या म्होरंच उचललाय. इचारा त्यांना." किती निवांत बोलल्या. मी खरं सांगेन, याची त्यांना खात्रीच होती.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "टेस्ट सुरू केली तेव्हा सेल होता," मी म्हणालो. "मीच बसवला होता."

नुसती नोकरी गेली असती, तर अकरा वर्षांचं चांगलं पत्र तरी मिळालं असतं. मालकांनी त्यांना तसंच गेटबाहेर काढलं. पर्स उचलताना त्या भांडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मला म्हणाल्या, "बाकीचे नऊ तरी हातानं बगून घ्या, सर. लोकांच्या दुधाचं माप हाय."

बघितले. आणखी तीन मुके निघाले. ते गुपचूप बदलले, प्रोग्रॅमच्या दोन ओळी सुधारल्या आणि चहानंतर मालकांना दहा हिरवे दिवे दाखवले. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.