बंद बोर्ड, फुटलेली भुवई

अकोल्यात आमचं घर दुकानाच्या वर होतं. खाली नवऱ्याचं बियाणं-खताचं दुकान, वर मागच्या दोन खोल्यांत मी, तो आणि माझी सासू, आणि रस्त्याकडच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास. नवरा मारायचा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं अचानक घडलं असं वाटेल. धंदा चांगला झाला त्या आठवड्यात त्याचा हात कमी उठायचा, आणि त्या वर्षांत वऱ्हाडात धंदा चांगला होण्याचे आठवडे फार नव्हते.

क्लासमधले कॉम्प्युटर इतके जुने होते की पोरी एक अक्षर टाइप करून दुसऱ्याची वाट बघत बसायच्या. मी ऐकलं होतं की एक दणकट सर्व्हर असला तर बाकीची यंत्रं त्याच्या जोरावर चालतात. नवा घेणं शक्यच नव्हतं. माझं माहेर अमरावतीचं. तिथे एक मुसलमान बाई नवऱ्यामागे त्याचं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान चालवायची. सगळे तिला भाभी म्हणत. तिच्याकडे कुठल्यातरी कंपनीतून निघालेला सर्व्हरचा मदरबोर्ड होता, प्रोसेसर आणि तो थंड ठेवणाऱ्या, त्यावरच्या जड पत्र्यांसकट.

"गॅरंटी की बात मत कर, बेटी," ती म्हणाली. "चला तो अल्ला की मेहेरबानी, नहीं चला तो भंगार."

मी तो मांडीवर घेऊन एसटीने अकोल्याला आले. एक जुनी मोठी कॅबिनेट होती, तिच्यात बसवला. बटण दाबलं. काही नाही.

पुढचे कितीतरी दिवस क्लास सुटल्यावर मी त्या बोर्डासमोर बसत होते. आधी पॉवर सप्लाय तपासला. त्याच्या जाड जुडग्यातली हिरवी तार आणि काळी तार वाकवलेल्या तारेने जोडली की तो बोर्डाशिवायही सुरू होतो. तो झाला, पंखा भणभणला. म्हणजे वीज देणारा ठीक होता. तारा परत बोर्डाला लावल्या तेव्हा बोर्डावर एक बारीक हिरवा दिवा लागला. म्हणजे वीज पोचतही होती. मग रॅम काढून पाहिली, एकेक करून घालून पाहिली. बॅटरी काढली, पुन्हा बसवली. कॅबिनेटच्या बटणावर भरवसा नको म्हणून ज्या दोन पिनांना बटणाची तार लागते त्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकींना टेकवल्या. पंखा जरासा हलला आणि थांबला. पुन्हा टेकवल्या. पुन्हा हलला, थांबला.

याचा मला आनंद झाला. मेलेला बोर्ड हलत नाही. जो हलून थांबतो त्यात कुठेतरी शॉर्ट असतो आणि पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो. आता बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून नुसत्या लाकडावर ठेवून बघायचा, एवढंच राहिलं होतं. खरं तर ते पहिल्यांदा करायचं काम.

त्याच दुपारी खाली माणसं आली.

पेरण्या होऊन गेल्या होत्या आणि नवऱ्याने विकलेलं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, बियाणं कुणाच्याच वावरात उगवलं नव्हतं. दोन-तीनदा लोक येऊन बोलून गेले होते. हा त्यांना कंपनीचा पत्ता द्यायचा आणि वर म्हणायचा, "तुमी खोल पेरलं असन." त्या दुपारी ते बोलायला आले नव्हते. पहिला दगड दुकानाच्या पाटीला लागला, दुसरा काचेतून आत गेला. मी खिडकीत आले तर खाली रस्त्यावर काचा, फुटलेल्या पोत्यांतून सांडलेलं खत, आणि मधोमध दोन जणांनी धरून गुडघ्यावर बसवलेला माझा नवरा.

त्याच्यासमोर एक उंच, वाळका माणूस उभा होता. त्याने दुकानातलंच पाकीट दातांनी फाडलं. बियाण्याला औषध लावलेलं असतं, त्याने ते गुलाबी दिसतं. त्याने मूठ भरली.

"खाय," तो म्हणाला. "काय होते ते पाहू. खाय!"

नवऱ्याने तोंड मिटलं. तेव्हा त्याने त्याचा जबडा धरून, जनावराला औषध पाजतात तसं, बोटांनी तोंड उघडलं आणि मूठ आत कोंबली. मग वरून आणखी एक मूठ. नवऱ्याच्या नाकातून आवाज येत होता. सासू माझ्या मागे उभी राहून "मेला वो, माहा पोरगा मेला" म्हणत होती. मी खाली गेले नाही. माझे पायच हलले नाहीत, आणि त्याचं कारण नुसती भीती होती असं मी सांगणार नाही.

पोलिसांची गाडी आली. लोक पळाले, तो उंच माणूस पळाला नाही. नवरा जिना चढून वर आला. ओठ, हनुवटी, शर्टाची कॉलर, सगळं गुलाबी. मोरीत जाऊन त्याने चुळा भरल्या, ओकला, पुन्हा चुळा भरल्या. सासू तांब्या घेऊन उभी. मग तो रस्त्याकडच्या खोलीत आला, मी तिथेच होते.

"पाहत होती ना खिडकीतून? मजा आली?"

"दवाखान्यात चला. पोटात औषध गेलं असन," मी म्हटलं.

त्याने कानफटात मारली, मी भिंतीला आदळले. त्याची नजर कॅबिनेटवर गेली.

"याच्यासमोर बसून रायते दिवसभर. हेही चालू होत नाई. या घरात काईच उगवत नाई. तुह्यातही काई उगवलं नाई."

त्याने कॅबिनेटमध्ये दोन्ही हात घालून बोर्ड हिसडला. स्क्रू मी आधीच काढून ठेवले होते, तारा तटातट सुटल्या. त्याने तो माझ्या तोंडावर फेकला. प्रोसेसरवरच्या पत्र्याची कडा भुवईत घुसली. डोळ्यात गरम काहीतरी आलं आणि त्या बाजूचं दिसेनासं झालं. दुसऱ्या डोळ्याने मला त्याचा हात पुन्हा वर जाताना दिसला. तपासायला बाहेर काढलेला पॉवर सप्लाय टेबलाच्या कडेवर होता. लोखंडी डबा, चांगला जड. मी दोन्ही हातांनी उचलला आणि त्या वर गेलेल्या हातावर घातला. मनगटातून ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. तो खाली बसला. मी पुन्हा उचलला होता. सासू मध्ये आली.

"बस," ती म्हणाली. मोठ्याने नाही. "बस कर, बाई."

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याच्या-माझ्यात ती पहिल्यांदा आली होती.

एकाच ऑटोतून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. त्याच्या नाकातून नळी घालून पोट धुतलं, हाताला प्लास्टर घातलं. पडद्याच्या अलीकडे मला टाके घालत होते. तिथेच हवालदार जबाब घ्यायला आला, आणि पडद्यापलीकडून मला नवऱ्याचा आवाज ऐकू आला, बसलेला पण स्पष्ट.

"माहा हात त्या उंच माणसानं मोडला. बायकोले दगड लागला. तेही त्याचंच काम."

हवालदार पडदा सरकवून माझ्याकडे आला. "लिहून घेतो, बाई. तुमी फक्त हो म्हना. बाईमाणसाले मारलं म्हनजे त्याले सोडणार नाईत."

सासू माझा हात धरून होती. तिने तो दाबला. काय म्हणायचं होतं तिला, मला आजही ठरवता येत नाही.

"मले दगड नाई लागला," मी म्हटलं. "हे यानं केलं. आन् त्याचं मनगट मी मोडलं."

हवालदाराने आधी सासूकडे पाहिलं. "सुनबाई घाबरून गेल्या काय?"

"नाई," मी म्हटलं. "लिहा."

दोनतीनदा सांगितल्यावर त्याने लिहिलं. पडद्यापलीकडून नवरा मला शिव्या देत होता आणि नर्स त्याला गप्प राहायला सांगत होती. सासूने माझा हात सोडला आणि ती पडद्याच्या त्या बाजूला गेली.

मी घरी गेले ते कपडे घ्यायला. बोर्ड जमिनीवर पडला होता, एक कोपरा उडालेला, पत्र्यावर माझं रक्त वाळलेलं. साडीत गुंडाळून पिशवीत घातला. कॅबिनेट तिथेच राहिली, पण निघताना मी तिच्यात वाकून पाहिलं. बोर्ड ज्यावर टेकतो ते पितळेचे छोटे खांब असतात; त्यातला एक अशा जागी होता जिथे या बोर्डाला भोकच नव्हतं. तो खालून बोर्डाच्या झाळलेल्या डागांना टेकून शॉर्ट करत होता. एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत भाभीच्या दुकानात लाकडी फळीवर बोर्ड ठेवला, तिथलाच पॉवर सप्लाय लावला, स्क्रूड्रायव्हरने पिना टेकवल्या. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. भाभीने माझ्या डोळ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"इससे लगा?"

"हो."

"और उसको?"

"त्याचं मनगट मोडलं."

तिने चहा मागवला आणि मागची खोली दाखवली. त्या खोलीत मी पुढे क्लास काढला. नवऱ्याने माझ्यावर मनगटाची केस केली, मी त्याच्यावर केली, आणि काडीमोड होईपर्यंत दोन्ही लोंबकळत राहिल्या. सासू एकदाही भेटली नाही.

त्या उंच माणसावर दुकान फोडल्याची केस राहिली, माझ्या भुवईची राहिली नाही. अकोल्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तो एकदा भेटला. त्याने मला ओळखलं, उठून बाकावर जागा करून दिली.

"ताई, तुमाले मी दगड मारला नाई. पन तवा तुमी खाली असत्या तं मारलाही असता. मी शुद्धीवर नव्हतो."

मी बाकावर बसले. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "त्याच्या तोंडात बियाणं घालताना काय वाटलं तुम्हाला?"

"बरं वाटलं," तो म्हणाला. "पोलिसात नेलं, तिथं मंग ओकलो. सारखा ओकत रायलो."

खिडकीतून ते पाहताना मलाही बरं वाटलं होतं. ओकारी मात्र मला आली नाही. ते मी त्याला सांगितलं नाही. शिपायाने त्याचं नाव पुकारलं, आणि तो टोपी नीट करून आत गेला.