ओळंब्याची चाळीस फूट भिंत

ओळंब्यानं स्वतःच्या जावयाचे दोन दात पाडले ते सकाळी साडेनऊला, भर गल्लीत, लेकीच्या देखत. एक दात गटारात गेला. दुसरा समोरच्या शिंपिणीच्या उंबऱ्यात सापडला, आणि तिनं तो महिनाभर काडेपेटीत जपला, आल्यागेल्याला दाखवायला.

ओळंबा म्हणजे गवंडी. भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं पितळी वजन त्याच्या खिशात कायम असे, म्हणून हे नाव. कुणाकडे पाणी प्यायला गेला तरी आधी त्यांच्या भिंतीला ते लावायचा, ‘अर्धा इंच बाहेर गेलीय’ म्हणायचा आणि मग पाणी मागायचा. पाणी मिळेलच असं नाही. हात सोन्याचा, डोकं मात्र भडक. विटा नीट भिजवल्या नाहीत म्हणून त्यानं एका मजुरालाच हौदात बुडवून काढलं होतं. आणखी एक खोड होती. भिंत पुरी झाली की ओल्या गिलाव्यात तो डावा पंजा उमटवायचा. करंगळी अर्धीच, त्यामुळे ही सही आंधळ्यालाही चाचपून कळावी.

एकतीस वर्षांपूर्वी गल्लीमागच्या माळावर विद्यापीठ आलं आणि कुंपणाच्या भिंतीचं काम त्याला मिळालं. बांधत बांधत स्वारी स्वतःच्या घरामागे पोचली. घराची मागची भिंत बरोब्बर हद्दीवर, चाळीस फूट, रेषेत. भिंतीला भिंत चिकटवणं म्हणजे विटांचा अपमान, असं म्हणत त्यानं आपल्याच भिंतीला बाहेरून गिलावा केला, पंजा मारला आणि चाळीस फुटांचे पैसे विद्यापीठाकडून घेतले. हा पराक्रम पोटात ठेवता तर गोष्ट इथंच संपली असती. पण त्यानं तो लग्नात सांगितला, मयतीत सांगितला, न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला फेस लावलेला असतानाही सांगितला. लेकीनं कौतुकानं नवऱ्याला सांगितला. आणि नवरा विद्यापीठाच्या रखवालदारांचा मुकादम.

विद्यापीठ वाढत होतं. गल्लीत आधी पोरांच्या मोटारसायकली आल्या, मग गाणी, मग दगड. एका संध्याकाळी वसतिगृहातून आलेल्या बाटलीनं दूधवाल्याचं कपाळ फुटलं, तेव्हा गल्लीनं त्यांच्या चार खिडक्या फोडल्या. मग नव्या सात मजली वसतिगृहाला रस्ता हवा झाला, आणि मध्ये आलं ओळंब्याचं स्वयंपाकघर. जावयाला बढती हवी होती. तो इमारत विभागाच्या साहेबांच्या कानाशी लागला. आठ दिवसांत नोटीस आली: आमच्या भिंतीला टेकून घर बांधलंय, हे अतिक्रमण काढा.

नवव्या दिवशी बुलडोझर आला, अकरा रखवालदार आले आणि पुढे इस्त्रीच्या गणवेशात जावईबापू.

“मामा, बाजूला व्हा. मी पडलो हुकमाचा ताबेदार.”

“आणि घरातली गोष्ट साहेबाच्या टेबलावर नेली ती कुणाच्या हुकमानं?”

“घरातली कसली? तुम्हीच तर सगळीकडे वाजवत फिरलात.”

हे खरं होतं, म्हणूनच लागलं. ओळंब्यानं खिशातलं पितळ दोरीसकट काढलं, गोफणीसारखं एकदा फिरवलं, आणि दातांचं जे व्हायचं ते झालं. मग काठ्या पडल्या. एक बरगडी मोडली, एक डोळा मिटला, सदऱ्याची रक्तानं चिंधी झाली. बायको आंघोळीचं कढत पाणी घेऊन बाहेर आली आणि तिनं ते दोघा रखवालदारांच्या मांड्यांवर रिकामं केलं. त्यातला एक अजून फेंगडा चालतो. वसतिगृहाच्या खिडक्यांतून पोरं शिट्ट्या मारत होती, कुणाच्या बाजूनं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. लेकीनं एका हातात बापाची कॉलर धरली, दुसऱ्या हातात नवऱ्याची.

“दोघं मिळून मलाच मारा. घरातल्या घरात भागेल.”

तेवढ्यात साहेब गाडीतून उतरले. “आजोबा, पंजा तुमचाच ना? पैसे घेतलेत ना? मग भिंत आमची.”

ओळंबा रक्त थुंकला. “भिंत तुमची. आणि खालची जागा?”

साहेबांनी हातातला हद्दीचा कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. “जागा तुमची दिसतेय. पण भिंत आमची.”

“शिंपीणबाई, ऐकलंत?”

“ऐकलं की,” ती म्हणाली. तिच्या कानातून काही सुटत नसे.

ओळंबा आत गेला आणि घण घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. बायको म्हणाली, “भांडी तरी काढू द्या.” तिनं भांडी काढली. मग त्यानं आतून पहिला घाव घातला. भिंत हलली नाही. त्याच्याच हातची होती. दहाव्या घावाला भोक पडलं, आणि त्यातून विटा बाहेर येऊ लागल्या. एक साहेबांच्या गाडीच्या काचेवर, एक बुलडोझरच्या दिव्यावर. “घेऊन जा तुमची भिंत,” प्रत्येक विटेमागे तो म्हणत होता. रखवालदार मागे सरले. मोडक्या बरगडीनं तो दुपारपर्यंत फोडत राहिला. शेवटी पंज्याचा तुकडा तेवढा उरला. तो काढायला त्यानं डावा हात घातला, आणि वरच्या छताची कड त्यावर बसली. पहार घालून हात सोडवला तो जावयानंच. तीन बोटं तिथंच राहिली.

आता नोटिशीचं काय करायचं? टेकायला विद्यापीठाची भिंतच नव्हती, म्हणजे टेकलेलं घरही नव्हतं. उलट चाळीस फुटांचं भगदाड पडलं, आणि त्यातून वसतिगृहातली पोरं ओळंब्याच्या चुलीवरून गल्लीत ये-जा करू लागली. साहेबांनी निमूटपणे एक फूट आत, स्वतःच्या जागेत, नवी भिंत घातली. वसतिगृहाचा रस्ता पार पलीकडून वळला. परक्या गवंड्याचं काम चालू असताना ओळंबा हात गळ्यात बांधून खुर्चीवर बसायचा. “अर्धा इंच बाहेर गेलीय,” म्हणत त्यानं ती दोनदा पाडायला लावली. त्याच्या स्वयंपाकघराची भिंत मात्र मायलेकींनी रचली. तिला त्या त्याला अजून ओळंबा लावू देत नाहीत.

नव्या भिंतीचा गिलावा ओला असताना त्यानं पट्टी सोडली आणि पंजा मारला. अंगठा आणि अर्धी करंगळी, एवढंच उमटलं. पहाऱ्यावर जावई होता. त्यानं पाहिलं आणि पाठ फिरवली. लेक म्हणते, तेव्हा तो हसला. आता दोन दात नसलेल्या माणसाचं काय सांगावं. तोंड उघडलं तरी हसल्यासारखंच दिसतं.