देखाव्यातली शेवटची ओळ

बदलापूरच्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या देखाव्याला वीज तळमजल्यावरच्या चाचींच्या खिडकीतून येते. कॉमन मीटरला लोड झेपत नाही. सोसायटीतलं ते एकच मुसलमान घर. एरवी सेक्रेटरी काका त्यांच्याशी मोजकं बोलतात. त्या दिवसांत मात्र हसत हसत त्यांच्या प्लगमध्ये वायर खोचतात.

त्या वर्षी देखावा युद्धाचा होता. पुठ्ठ्याची विमानं, लाल दिव्यांचे स्फोट, मूर्तीला उल्हासनगरच्या बाजारातून शिवून आणलेला लष्करी गणवेश. निवेदन लिहिलं काकांनी, वाचायचं माझ्याकडे आलं. मी कस्टमर केअरला आहे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण फोनवर आवाज चांगला लागतो. चाचींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तेरी आवाज़ आनेवाली है? फिर तो खिड़की खुली रखूँगी."

बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून डोक्यावर गोधडी घेऊन मी रेकॉर्डिंगला बसले. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी मी सावकाश वाचते, नजर पुढे पळत नाही. विमानांच्या ओळी वाचल्या. छान वाचल्या, माझ्याच अंगावर काटा आला. मग शेवटची ओळ: 'सीमेवरचा शत्रू दिसतो. आपल्यात राहून आपलंच खाणारा शत्रू ओळखा आणि ठेचा.' सरावासाठी दोनदा पुटपुटले. मग ती उघडी खिडकी आठवली.

काकांनी फाइल ऐकली. "शेवटची ओळ राहिली गं."

"राहिली नाही, काका. मी वाचली नाही."

"का? घाबरलीस?"

"चाची समोरच बसतात."

"त्यांच्याबद्दल थोडीच आहे ते!"

"मग कोणाबद्दल आहे?"

मी इतकं बोलते हे काकांना नवीन होतं. मलाही. "तुम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना देश कळायचा नाही," म्हणून ते निघून गेले. आई म्हणाली, "एका ओळीने काय झालं असतं?"

पहिल्या संध्याकाळी माझा आवाज संपला आणि ती ओळ आली, काकांच्या आवाजात. गर्दीत हशा पिकला.

"अहो, हे तुम्ही? केवढ्याने खेकसताय!" काकू म्हणाल्या.

"काका, कोणाला ठेचताय?" मागून कोणीतरी ओरडलं.

चाची खिडकीतच होत्या. हसल्या नाहीत, उठल्याही नाहीत. देखावा संपल्यावर वायर काढायला काकांना तिथेच जावं लागलं.

तिसऱ्या दिवशी ती ओळ नव्हती. "मेमरी कार्ड खराब झालं," काका म्हणाले. माझा भाग त्याच कार्डवर नीट वाजत होता. विमानं दहाही दिवस उडाली आणि पोरं बोटांच्या बंदुका करून एकमेकांना मारत राहिली. ते माझ्याच आवाजावर चाललं होतं.

विसर्जनानंतर चाचींनी वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. "आवाज़ अच्छी थी. अगली बार लिखना भी तू ही."

वायर द्यायला मी काकांच्या दारात गेले. "पुढच्या वर्षी मजकूर मी लिहिणार," म्हटलं. "शुद्धलेखन तेवढं तुम्ही तपासा."