बेचाळिसाव्या वर्षी पहिली सिगार

माझी पहिली सिगार मी बेचाळिसाव्या वर्षी ओढली. मांद्र्याला, मामाच्या दारापुढच्या बाल्कांवात, भर दुपारी.

डिचोलीच्या एका खाण कंपनीच्या ऑफिसात मी अठरा वर्षं टायपिंग केलं. खाणी बंद पडल्या आणि नोकरी गेली. तेवढ्यात हरमलजवळ उभ्या राहणाऱ्या नव्या हॉटेलात सिगारच्या दालनासाठी माणूस हवा, अशी जाहिरात पाहिली. माझा मामा तारवटी, सारा जन्म बोटींवर गेलेला. शेवटची बारा वर्षं त्याने प्रवासी बोटीवर सिगारच विकल्या होत्या. मी थेट त्याच्याकडे गेले.

मामी दारातून म्हणाली, "बाईलमाणसान सिगार ओढूची?"

"ओढूची नाय, विकूची आसा," मामा म्हणाला. "पण चव कळल्याशिवाय विकतली कशी?"

त्याने सिगार पेटवून माझ्या हातात दिली. मी जोरात झुरका घेतला आणि धूर सरळ गिळला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, खालचा बाक गरगर फिरू लागला. मामीने साखरपाणी आणलं.

"गिळतंस कित्याक? तोंडात घे, चव बघ, सोड," मामा शांतपणे म्हणाला. मग विचारलं, "जेवलंस?"

मी मान हलवली. नव्हते जेवले.

"मगे चक्कर येतलीच. उपाशी पोटी सिगार नाय."

पुढचा दीड महिना मी रोज मयेच्या माझ्या घरून स्कूटरने मांद्र्याला जात होते. ओढल्या असतील त्या चारच. बाकी सगळं शिकले बोटांनी आणि नाकाने. सिगार चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबायची. सगळीकडे सारखी लवली तर चांगली. कुठे गाठ लागली किंवा कुरकुर आवाज आला तर बाजूला ठेवायची. काळपट म्हणजे कडक आणि फिकी म्हणजे सौम्य, हा मोठा गैरसमज. आतली पानं कुठली ते विचारायचं. नवख्याला जाड, लांब सिगार कधी द्यायची नाही, कारण ती दीड तास चालते आणि बिचारा अर्ध्यावरच कंटाळतो. पेटवताना ज्योत सिगारच्या टोकाला भिडवायची नाही, जरा दूर धरून गोल फिरवायची. मिनिटाला एखादा झुरका, बस्स. घाई केली की ती तापते आणि कडू होते.

मुलाखत हॉटेलच्या उद्घाटनाच्याच दिवशी होती. आम्ही दोघंच उरलो होतो. दुसरा एक तरतरीत तरुण, मोठ्या शहरातल्या बारमधून आलेला. मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक बहुतेक पुरुष असतात. तुमचा सल्ला ऐकतील?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईक समोर आणा, मग बघू."

त्यांनी खरंच आणलं. ज्याने ते हॉटेल बांधलं तो कॉन्ट्रॅक्टर, कोल्हापूरकडचा. गवंडी म्हणून गोव्यात आलेला माणूस, पन्नाशीचा, नवा कोरा शर्ट घातलेला. म्हणाला, "आयुष्यभर तंबाखू-चुना मळला. आज म्हटलं, सायबासारखी सिगार ओढायची."

तरुणाने एसीखाली मांडून ठेवलेल्या खोक्यातली सर्वांत जाड आणि महाग सिगार उचलली आणि ऐटीत पेटवून दिली. दुसऱ्या झुरक्याला कॉन्ट्रॅक्टर खोकून लाल झाला. "ह्यापेक्षा आमची विडी बरी की!"

मी पुढे झाले. ती सिगार चिमटीत धरली. वाळक्या पाचोळ्यासारखी वाजली. "ही एसीत सुकलीय," मी मॅनेजरना म्हटलं. मग कॉन्ट्रॅक्टरकडे वळले. "दादा, जेवलात का?"

"कुठलं, ताई! पूजेला बसलोय सकाळपासनं. नुसता चहा."

मी किचनमधून गरम पावाचे उंडे आणि पातळ भाजी मागवली. मॅनेजर घड्याळाकडे बघत राहिले. दादा पोटभर जेवले. तोवर मी बंद लाकडी पेटीतल्या पाच-सहा सिगार दाबून, हुंगून एक निवडली: आखूड, बारीक, सौम्य. टोक अगदी थोडंसं कापलं, पेटवून दिली आणि शेजारी बसले. "गिळायचं नाही. चूळ भरल्यासारखा धूर तोंडात धरा आणि सोडा. आता बोला माझ्याशी. झुरक्याची घाई नको."

ते बोलू लागले. ही भिंत कशी दोनदा पाडून बांधली, समोरच्या जिन्याचा दगड कुठून आणला. बोलताबोलता मध्येच थांबले, धूर सोडला, वर बघितलं.

"ताई, हिला भाजलेल्या शेंगदाण्याचा वास येतोय!"

"येणारच."

"आता मजा आली बघा!" ते एवढ्या मोठ्याने हसले की रिसेप्शनवरची माणसं डोकावली. अर्ध्या तासाने ते उठले, आणि जाताना मॅनेजरना बजावून गेले, "मी पुन्हा येणार. पण ह्या ताई असतील तरच."

मॅनेजरनी तिथल्या तिथे माझ्यापुढे हात केला. "सोमवारपासून या. आणि ती एसीखालची खोकी कुठे ठेवायची, ते आधी सांगा."

पहिल्याच आठवड्यात मी मामाला बोलावलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो आला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. मी पेटी उघडून त्याच्यासमोर धरली. त्याने आत बघितलंसुद्धा नाही. खुर्चीत मागे रेलला आणि शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तूच निवड. ह्यातला तुका जास्त कळता."