उशीर कुणी केला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आत्ताही हात अडतोय — पण लिहायला बसलेय तर लिहितेच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात माझी रक्ततपासणीची लॅब होती. स्लाइड बघून रक्ताच्या कॅन्सरचा प्रकार सांगायचा, हे माझं काम. "मॅडमचा डोळा चुकत नाही," असं गावातले डॉक्टर म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

सुनीता इचलकरंजीची. नवरा, विलास, पॉवरलूमवर कामाला. पदरात तान्ही मुलगी. सुनीताच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, अंगावर काळेनिळे डाग. मी स्लाइड बघितली आणि रिपोर्ट दिला — ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, प्रकार एम-फाइव्ह. शंका आली नव्हती का? आली होती, पुसटशी. तरी ठाम लिहिलं. माझ्या शब्दावर तिच्या डॉक्टरांनी केमो सुरू केली. नमुना पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईला गेला.

मुंबईच्या लॅबमधून फोन आला. पेशींवरचे मार्कर, म्हणजे प्रकार ओळखायच्या खुणा, तपासून झाले होते. "एचएलए-डीआर निगेटिव्ह, सीडी थर्टी-फोर पण निगेटिव्ह. मॅडम, हा एम-थ्री तर नसेल?"

एम-थ्री म्हणजे त्याच कॅन्सरचा दुसरा प्रकार, उपचारच वेगळा. 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीच्या गोळ्या असतात, त्या संशय आल्याबरोबर द्यायच्या. नाहीतर कधी कुठून रक्तस्राव होईल सांगता येत नाही. आणि त्यातून पेशंट तरला, तर सगळ्यांत बरा होणारा प्रकार हाच.

मी काय केलं? "क्रोमोसोमचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू," म्हणाले आणि फोन ठेवला. डॉक्टरांचं हॉस्पिटल समोरच्याच रस्त्यावर होतं. गेले नाही. जाऊन काय सांगायचं — माझं चुकलं म्हणून?

तो रिपोर्ट यायच्या आधीच सुनीताच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ती गेली. मग रिपोर्ट आला — पंधरा आणि सतरा नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची एकमेकांत अदलाबदल झालेली. एम-थ्रीच.

पण एवढंच असतं तर — नाही, एवढंच नाही. विलास लॅबमध्ये आला. दारातच उभा राहिला. "मॅडम, वाचली असती काय वो ती?"

मी म्हणाले, "तुम्ही जरा लवकर आणायला हवं होतं."

का म्हणाले? माझ्यावर कुणाचा संशय होता? कुणाचाच नाही. डाग दिसले त्याच दिवशी त्यानं तिला आणलं होतं — मला ते माहीत होतं.

तो खाली बघत म्हणाला, "व्हय. लूमवरची पाळी सुटायची वाट बघितली म्या. चुकलंच की माझं."

मी पुढची स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली.

काही वर्षांनी तो मुलीला घेऊन आला. शाळेत जाणारी पोर, आदल्या दिवसापासून साधा ताप. "चालू माग तसाच सोडून आलोय, मॅडम. एकदा उशीर करून हिच्या आईला घालवली. आता न्हाय."

मुलगी बापाकडे बघत होती. तिलाही लहानपणापासून हेच माहीत — आई गेली ती बाबांनी उशीर केला म्हणून.

मी रक्त तपासलं. सगळं ठीक होतं. तेवढंच सांगितलं.

त्यानं वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.