सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितो.

खडकीतल्या एका मित्राच्या गॅरेजमधला जुना कॉम्प्रेसर मी दोन महिने खपून उभा केला. टाकी पाण्याच्या दाबाने तपासली. मोटर आठ बार दाबाला बंद व्हावी आणि तरीही दाब वाढलाच, तर दहाला सेफ्टी व्हॉल्व्हने हवा सोडावी, असं लावून दिलं.

आज सहज डोकावलो. काटा अकरावर, मोटर चालूच आणि व्हॉल्व्हच्या जागी घट्ट आवळलेला बोल्ट. मित्र त्याच टाकीला टेकून चहा पीत होता.

आधी मेन स्विच पाडला, हवा सोडली, मग विचारलं.

"अहो, काम लवकर व्हावं म्हणून दाब जरा वाढवला, तर तो व्हॉल्व्ह सारखा फुसफुसायला लागला. काढून टाकला."

"ठेवलाय कुठे?"

त्याने टेबलाकडे बोट दाखवलं. व्हॉल्व्ह बिलांवर वजन म्हणून ठेवला होता.

वर मलाच ऐकवतो, "तुम्ही तरी कुठे इंजिनिअर आहात?"

नाही. पण टाकी फुटताना कोणाची डिग्री विचारत नाही.

व्हॉल्व्ह माझ्या हाताने परत बसवून आलो. तुम्ही उद्या गाडीत हवा भराल, तेव्हा त्या दुकानातल्या हवेच्या टाकीकडे एकदा वाकून बघा. तिथे व्हॉल्व्ह आहे की बोल्ट?